तिसऱ्या खोलीतली उडी

आमच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात नमुना खातं नावाची एक लांबट खोली आहे. गिऱ्हाईक आपली वस्तू घेऊन येतं, मग तो मिक्सर असो, दिव्याची काच असो की कपांचा संच. ती वस्तू धडपणे मुक्कामाला पोचवील असं खोकं इथे आधी कागदावर उतरतं, मग पुठ्ठ्यात कापलं जातं आणि शेवटी टेबलावरून मुद्दाम खाली टाकून पाहिलं जातं. ह्या खोलीचा कारभार ज्या बघतात त्यांना सगळा कारखाना खोकेताई म्हणतो. पाठीमागे नव्हे, तोंडावर. त्याही फोन उचलून "खोकेताई बोलतेय" असंच म्हणतात. नव्या गिऱ्हाइकांना ते आडनाव वाटतं, आणि त्या आडनावाने पत्रंही आलेली आहेत.

माझं टेबल हिशेब खात्यात, म्हणजे काचेच्या पार्टिशनच्या अलीकडे. पुठ्ठा वाया का गेला हे मी विचारायचं आणि त्यांनी कापलेला तुकडा आणून दाखवायचा, असं आमचं बरीच वर्षं चाललं आहे. आता मी निवृत्तीला आलो. इतकी वर्षं ज्यांच्या शेजारी काढली त्या माणसाबद्दल काही लिहून ठेवावं असं मनात होतं, आणि लिहायचं तर ते त्यांच्या खेळाबद्दलच लिहायला हवं.

त्याआधी त्यांच्या कामाबद्दल थोडं सांगतो, कारण पुढची सगळी भानगड तिथूनच निघाली.

खोकं समोरून काढलं तर कागदावर नुसता चौकोन दिसतो. म्हणून ते तिरपं आणि किंचित वरून पाहिल्यासारखं काढतात. तशात त्याची एक बाजू, दुसरी बाजू आणि झाकण असं सगळं एकदम दिसतं. शिवाय ह्या पद्धतीत लांबची कड लहान होत नाही. जवळची कड जेवढी, तेवढीच लांबची. कापणाऱ्याने सरळ पट्टी ठेवावी आणि माप घ्यावं. खात्यात ह्याला आयसोमेट्रिक म्हणतात, पण बोलताना सगळे 'तिरपं' एवढंच म्हणतात. "तिरपं दे" म्हटलं की खोकेताई कागद पुढे सरकवतात.

हे काम त्यांना शिकवलं खात्याच्या आधीच्या प्रमुखांनी. त्यांना सगळे वस्ताद म्हणत. वस्तादांचा एक नियम होता की चित्रात सावली काढायची नाही. पुठ्ठ्यावरची छपाई जाडीभरडी. सावलीसाठी बारीक रेघा मारल्या की त्या एकमेकींत मिसळतात आणि खोक्यावर तेल सांडल्यासारखं दिसतं. "सावली म्हणजे डाग," असं म्हणून त्यांनी खोकेताईंचे सुरुवातीचे कितीतरी कागद परत फेकले होते. पुढे ताईंना सावली न काढण्याची इतकी सवय झाली की ती काढायची राहिली आहे हेही त्यांच्या ध्यानात येईनासं झालं.

आता घरचं. खोकेताईंचे वडील एका गोदामाचे राखणदार होते. गोदामाच्या मागच्या दोन खोल्यांत हे कुटुंब राहायचं. ताई आणि त्यांच्यापेक्षा काही वर्षांनी लहान असलेला भाऊ, दोघं खोक्यांच्या थप्प्यांवर चढूनच मोठे झाले. वडिलांनी कुणाकडून तरी एक व्हिडिओ गेमचं यंत्र आणलं होतं. टीव्हीला जोडायचं, वर कॅसेट खुपसायची, आणि वायरला लटकलेली बटणांची पट्टी हातात धरायची. चांगली अशी एकच कॅसेट होती. तिच्यात तिरप्या खोल्या होत्या, आणि एक छोटा माणूस किल्ल्या शोधत एका खोलीतून दुसरीत जायचा.

खेळायचा धाकटा. ताई बाजूला बसून सांगायच्या की आता थांब, आता वळ, आता मार उडी. पट्टीवरचं 'वर'चं बटण दाबलं की तो माणूस सरळ वर न जाता तिरपा जायचा. मोठ्या माणसांना हे काही केल्या जमत नसे. धाकट्याने त्यावर उपाय काढला होता. तो पट्टीच हातात तिरपी धरायचा, म्हणजे बटणं आणि भिंती एका दिशेला येत. आई म्हणायची, हा चहाचा ट्रे असा धरणार असेल तर ह्याच्या हातचा चहा नको.

धाकटा पुढे एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला. हात चांगला होता. एके दिवशी घाम पुसायला चष्मा वर सरकवला, आणि नेमका त्याच वेळी तुकडा उडाला. डावा डोळा गेला. मालकांनी त्याला काढलं नाही, हत्यारं देण्याघेण्याच्या खिडकीत बसवलं. तिथे तो अजून आहे.

एक डोळा गेला म्हणजे अर्धं दिसतं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. दिसतं जवळजवळ सगळं, पण कोणती वस्तू किती लांब आहे ते कळत नाही. धाकटा पाणी ओतायचा ते पेल्याच्या बाहेर. हस्तांदोलनाला हात पुढे करायचा तो समोरच्याच्या मनगटाला लागायचा. जिन्याची शेवटची पायरी तर रोज नवी. हळूहळू सगळं बसलं, पण मधल्या काळात तो कडू झाला. एकदा खेळायला बसला, दोनदा पडला, आणि पट्टी खाली ठेवून म्हणाला, पोरखेळ बास झाले. यंत्र भंगारात द्यायला निघाला होता. ताईंनी ते आपल्या खोलीत नेऊन कपाटावर ठेवलं आणि तो विषय घरात पुन्हा काढला नाही.

आईवडील गेल्यावर दोघं एकाच घरात राहिले. लग्न दोघांनीही केलं नाही. कारण विचारलं तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

जुन्या यंत्रांसाठी आजही नवे खेळ करणारे लोक आहेत, हे खोकेताईंना बऱ्याच उशिरा कळलं. हौशी मंडळी असतात. त्यांचे मेळावे भरतात. ताई एका मेळाव्याला सहज म्हणून गेल्या आणि घरी येऊन शिकायला बसल्या. कामावरून आल्यावर, खोलीचं दार लावून. धाकट्याला वाटायचं की ताईने कारखान्याचं काम घरी आणलं आहे, आणि त्यावरून तो मालकांना शिव्या द्यायचा. ह्या गैरसमजाची ताईंना सोय होती. भावाच्या जखमेवर बोट ठेवायचं नव्हतं, म्हणून चार वर्षं त्या त्याच्या शेजारच्या खोलीत बसून त्याच यंत्रासाठी खेळ बनवत होत्या आणि त्याला पत्ता नव्हता.

खेळ गोदामाचाच होता. एक मुलगी गोदामात अडकली आहे. तिने खोकी ढकलायची, एकावर एक चढवायची, सरकत्या पट्ट्यावरून धावायचं, घरंगळत येणारे पिंप चुकवायचे, उंदरांनी पळवलेल्या किल्ल्या परत मिळवायच्या आणि खोली-खोली करत बाहेर पडायचं. सुरुवातीला एक चित्र यायचं. गोदामाची पायरी, पायरीवर पाठमोरी बसलेली दोन मुलं आणि दारात उभी आई. जुन्या यंत्रावर असलं चित्र म्हणजे मोजक्या रंगांच्या बारीक चौकटी जोडत जायच्या. आईचा चेहरा तर काही टिकल्यांचा. पण मला त्यांनी ते दाखवलं तेव्हा तो चेहरा चिडलेला आहे की हसतो आहे, असा प्रश्न मला पडला नाही. ती हसू दाबत होती.

कॅसेटी काढणारं एक जोडपं आहे. नवराबायकोच सगळा धंदा बघतात. दरवर्षी मोजके खेळ घेतात, जुन्या घाटाच्या कॅसेटीत भरतात आणि हौशी लोकांना विकतात. त्यांची खेळ निवडायची रीत मला फार आवडली. मेळाव्यात एक टेबल मांडायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यापैकी कुणालाही बसवायचं. खेळ ज्याने केला त्याने खेळणाऱ्याच्या मागे उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. खुणासुद्धा नाहीत. बसलेला माणूस कंटाळून उठला तर का उठला हे मागे उभं राहून बघायचं. एकाने ह्यावर कुरकुर केली तेव्हा त्यातल्या बाई म्हणाल्या होत्या की खेळ विकला गेल्यावर तुम्ही प्रत्येकाच्या घरी मागे उभे राहणार आहात का. एक खेळ ते दोनदाच बघतात. तिसऱ्यांदा तोच खेळ आणला तर चहा पाजतात आणि परत पाठवतात.

खोकेताईंची पहिली खेप पार पाण्यात गेली. बसलेला प्रत्येक माणूस पहिल्या दोन खोल्या हसत पार करायचा आणि तिसऱ्या खोलीत पडायचा. पुन्हा पडायचा. मग पट्टी ठेवून, मागे वळून, कसनुसं हसून उठायचा.

हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. तोवर त्या असलं काही करतात हे मलाही माहीत नव्हतं. माणूस चिडला असेल तर मला समजतं, रडला तरी समजतं. त्या दोन्ही करत नव्हत्या. डबा उघडून तशाच बसल्या होत्या. चार वर्षांचं काम होतं आणि हातात एकच खेप उरली होती.

मी सुचवलं की सोबत एक माहितीपत्रक द्यावं. तिसऱ्या खोलीत काय करावं ते मुद्देसूद लिहावं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुम्ही घरी आणलेल्या वस्तूचं पत्रक कधी वाचता का?"

"वाचतो. जपूनही ठेवतो."

"मग तुम्हाला विचारण्यात काही अर्थ नाही."

पण थोड्या वेळाने त्यांना वाटलं की अर्थ आहे. मी आयुष्यात असला कुठलाही खेळ खेळलेलो नव्हतो. इतका कोरा माणूस मिळणं कठीण. म्हणून त्यांनी मला रविवारी घरी बोलावलं, भाऊ बाहेर जातो त्या वेळेला. आमच्या घरी हे सांगितल्यावर सौभाग्यवतींनी विचारलं की तुम्ही नक्की कशासाठी निघालात. व्हिडिओ गेम खेळायला, असं मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि छत्री न्या म्हणाल्या.

घर नीटनेटकं होतं. बाहेरच्या खोलीत टीव्ही, त्याखाली तेवढ्या वेळापुरतं बाहेर आणलेलं ते यंत्र. मी खुर्चीत ताठ बसलो, त्यांनी पट्टी हातात दिली आणि त्या नियमाप्रमाणे मागे जाऊन उभ्या राहिल्या. पहिली खोली मी कशीबशी पार केली. दुसरीत उंदराने किल्ली पळवली, ती मी परत मिळवली. खोटं कशाला बोलू, मजा आली. मग तिसरी खोली.

त्या खोलीत साखळीला टांगलेली खोकी होती. एकावरून दुसऱ्यावर उडी मारत पलीकडच्या दाराशी जायचं. मी उडी मारली. मुलगी खोक्यावर उतरणार असं मला स्पष्ट दिसत होतं, आणि ती त्याच्या मागून खाली गेली. दुसऱ्या वेळी पुढून गेली. तिसऱ्या वेळी कुठून गेली ते कळलंही नाही. मागे खोकेताईंचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

इतक्यात दाराचा आवाज झाला आणि धाकटा आत आला. त्याला भेटायचं होतं तो माणूस घरी नव्हता म्हणे.

त्याने आधी मला पाहिलं, मग टीव्ही पाहिला, मग ते यंत्र. ताई जागच्या हलल्या नाहीत. मी उठू की बसू ह्या विचारात अर्धा उठलो. धाकटा स्वयंपाकघरात गेला, पेला घेऊन आला आणि आमच्यासमोरच टेबलावरच्या तांब्यातून पाणी ओतून घेऊ लागला. तांब्याची कड त्याने पेल्याच्या कडेला टेकवली आणि मगच ओतलं.

"बसा," तो मला म्हणाला. "चालू द्या."

मी बसलो आणि पुन्हा पडलो.

"हे कुठनं आणलंस?" त्याने ताईंना विचारलं.

ताईंनी सांगितलं की आणलं नाही, केलं. किती वर्षं, कधी, कसं, सगळं एका दमात सांगितलं. मेळाव्यात काय झालं तेही. तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे मी मालकांना फुकट शिव्या घातल्या."

"थोड्या घातल्यास तर बिघडलं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणालास पोरखेळ बास."

"तेव्हा मला पेल्यात पाणी ओतता येत नव्हतं. तेव्हाचं काय धरून बसलीस?"

 मी टीव्हीकडे पाहत राहिलो, कारण दुसरीकडे कुठे पाहावं ते सुचत नव्हतं.

धाकट्याने माझ्यापुढे हात केला. मी पट्टी दिली. ती त्याने हातात घेतली आणि अगदी सहज, न बघता, तिरपी केली. पहिली खोली त्याने अशी पार केली की दार कधी आलं आणि गेलं ते मला कळलंच नाही. दुसरीत तर उंदराला किल्लीपर्यंत पोचूच दिलं नाही. तिसऱ्या खोलीत आला, उडी मारली आणि माझ्यासारखाच खाली गेला.

दुसऱ्यांदा त्याने उडी मारून यंत्रावरचं थांबायचं बटण दाबलं. मुलगी हवेत होती तशी राहिली.

"ही आत्ता कुठे आहे?" त्याने विचारलं.

"कुठे म्हणजे? त्या खोक्याच्या वर," ताई म्हणाल्या.

"कशावरून? मागच्या भिंतीजवळ, जमिनीला लागूनही असेल. तिथे असली तरी चित्र हेच दिसेल ना?"

ताई पुढे आल्या. आता मलाही ते दिसलं. तिरप्या चित्रात उंच असलेली वस्तू पडद्यावर वर दिसते आणि लांब असलेली वस्तूही वरच दिसते. लांबचं लहान होत नाही, त्यामुळे दोन्हींत फरक करायला काही उरत नाही. खोकं स्थिर असतं तेव्हा चालतं. उडी मारलेली मुलगी उंच आहे की लांब आहे, हे चित्र सांगतच नव्हतं. ताईंना ते माहीत होतं, कारण ती मुलगी कुठे आहे हे त्यांनीच ठरवलं होतं.

"हिची सावली कुठेय?" धाकटा म्हणाला.

खोकेताईंनी इतकी वर्षं जे काढलं नव्हतं ते हेच. 

धाकटा मग सावकाश बोलला, पडद्याकडे बघत. "मी जिना कसा उतरतो? पाऊल खाली येतं तशी त्याची सावली जवळ येते. दोन्ही भेटली की पायरी आली. कप ठेवतानाही तेच. लोकांना वाटतं मला सवय झाली. सवय कसली, मी दिवसभर सावल्या बघत असतो. आणि हा पडदा आहे ताई, काच. इथे बसलं की सगळे माझ्यासारखेच. साहेबांना दोन डोळे आहेत, पण इथे त्यांना एकाचाच उपयोग."

साहेबांनी मान हलवली.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा दोघं जमिनीवर बसून भांडत होते, सावली गोल असावी की चौकोनी. मला वाटलं प्रश्न सुटला. सोमवारी कळलं की खरा प्रश्न आता उभा राहिला आहे.

जुन्या कॅसेटमध्ये जागा ठरलेली असते. माझ्या भाषेत सांगायचं तर बजेट ठरलेलं, आणि पुरवणी मागणीची सोय नाही. खोकेताईंचा खेळ त्यात काठोकाठ भरलेला होता. सावली म्हणजे नुसता काळा ठिपका नाही. मुलीच्या बरोबर खाली काय आहे, जमीन की खोकं की पट्टा, हे दर क्षणी यंत्राने शोधायचं आणि ठिपका तिथे टाकायचा. त्या शोधण्याला जागा लागते. त्यांनी एका जातीचा उंदीर काढून पाहिला. पुरलं नाही. पिंपांचा आवाज साधा केला. तरी पुरलं नाही. शेवटच्या खोल्यांपैकी एक काढली, तर तिच्यातल्या किल्लीवाचून पुढचं दारच उघडेना. तेव्हा ती परत घातली.

उरलं सुरुवातीचं चित्र. तेवढं काढलं की सगळं बसत होतं.

धाकटा म्हणाला, काढ. ताई म्हणाल्या, ते सोडून बोल. ह्यावरून त्या घरात आठवडाभर अबोला होता, असं मला दोघांच्याही तोंडून कळलं. धाकटा चक्क कारखान्यात मला भेटायला आला होता. मी सांगितलं तर ताई ऐकतील अशी त्याची समजूत. मी त्याला पार्टिशनच्या काचेतून दाखवलं की ताई इकडेच बघत आहेत, आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत ताईच आत आल्या.

"साहेबांना कशाला मध्ये घेतोस?" त्या त्याला म्हणाल्या. "तुला ते चित्र नकोच आहे."

"मला नको?" तो म्हणाला. "आई बरोबर तशीच उभी राहायची. मला ते बघून दोन दिवस जेवण गेलं नाही. पण ते बघून माणूस पुढे जाणार आणि तिसऱ्या खोलीत पडून उठणार. मग कोण बघायला राहिलं?"

 चहा आला तो तिघांनी घेतला. जाताना धाकट्याने कप बशीत ठेवला तेव्हा ताई कपाकडे नाही, त्याच्या खालच्या सावलीकडे बघत होत्या.

चित्र त्यांनी काढून टाकलं. कुठल्या दिवशी काढलं ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आता यंत्र चालू केलं की काळा पडदा, खेळाचं नाव आणि खाली 'बटण दाबा' एवढंच.

दुसऱ्या मेळाव्याला मीही गेलो. मोठा हॉल, जुनी यंत्रं, आणि माझ्या वयाची माणसं लहान स्टुलांवर गुडघे वर करून बसलेली. जोडप्याने टेबल मांडलं होतं. खोकेताई मागे उभ्या, हातांची घडी घातलेली. धाकट्यालाही बोलायची बंदी होती. तो मागे हात बांधून उभा राहिला, शाळेत शिक्षा केल्यासारखा.

पहिला बसला एक उंच गृहस्थ. तिसऱ्या खोलीत एकदा पडला, मग पार झाला. पुढे सरकत्या पट्ट्यांच्या खोलीत अडकला आणि बायकोने हाक मारली म्हणून उठला. बायकोची हाक नियमात कुठे बसते ह्याचा मी विचार करत होतो. मग खांद्याला पिशवी असलेल्या एक बाई बसल्या. पिशवी त्यांनी काढलीही नाही, म्हणजे लगेच उठायचा विचार असणार. पहिली खोली, दुसरी खोली. तिसऱ्या खोलीत त्यांनी उडी मारली. मुलगी हवेत, तिच्याखाली तो काळा ठिपका जमिनीवरून सरकत खोक्यावर चढला, बाईंनी बटण सोडलं आणि मुलगी खोक्यावर उभी. पुढची उडी. त्याच्या पुढची. दार उघडलं. चौथ्या खोलीत गेल्यावर त्यांनी पिशवी खांद्यावरून काढून मांडीवर घेतली.

मी खोकेताईंकडे पाहिलं. तोंडावर काहीच नव्हतं, पण हातांची घडी सुटली होती.

त्या बाई बराच वेळ खेळल्या. उठल्यावर जोडप्यातल्या बाईंनी त्यांना विचारलं की तिसऱ्या खोलीत, टांगलेल्या खोक्यांपाशी, काही अडचण आली का.

"नाही," त्या म्हणाल्या. "कसली अडचण?"

"आणि ती सावली?"

"सावली होती का?"

धाकट्याला इतकं हसू आलं की तो पाण्याच्या निमित्ताने बाहेर गेला.

खेळ घेतला गेला. लगेच नाही, रीतसर पत्र, करार वगैरे होऊन. जोडप्याने आणखी एक विचारलं. कॅसेट ठेवायला खोकं लागतं, ते त्या स्वतःच करतील का? खोकेताईंना खोक्याबद्दल विचारणारं हे बहुधा पहिलंच गिऱ्हाईक होतं ज्याला त्यांचं हे नाव माहीत नव्हतं.

मालकांना विचारून ते काम कारखान्यातच केलं. लहान, घट्ट झाकणाचं खोकं. त्याच्या वरच्या बाजूला त्यांनी ते चित्र घातलं. गोदामाची पायरी, दोन पाठमोरी मुलं, दारात आई. इथे जागेची टंचाई नव्हती, तरी आईच्या चेहऱ्याला टिकल्या तेवढ्याच ठेवल्या.

छपाई सुरू व्हायच्या दिवशी छापखान्यातून फोन आला. नमुना खात्यात कुणी नव्हतं म्हणून तो माझ्या टेबलावर वाजला. छापणारा जुना माणूस, वस्तादांच्या वेळचा. त्याने सांगितलं की तुमच्याकडून आलेल्या चित्रात पायरीवरच्या मुलांच्या खाली आणि त्या बाईच्या पायाशी काळे डाग आले आहेत. खोकेताईंच्या कागदावर असं कधी होत नाही, तेव्हा पुसून घेऊ का.

मी त्याला थांबायला सांगितलं आणि उठून खोकेताईंना शोधायला गेलो. त्या मागच्या बाजूला, खाली टाकून पाहिलेल्या खोक्यांचे कोपरे तपासत होत्या. मी निरोप सांगितला. त्यांनी हात झटकले, माझ्या टेबलाशी आल्या आणि फोन उचलला.

"खोकेताई बोलतेय," त्या म्हणाल्या. "राहू द्या. ते तसंच छापायचं आहे."

पलीकडून तो काहीतरी म्हणाला. वस्तादांचं नाव घेतलं असावं, कारण त्या हसल्या.

"हो, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या, "पण घरून सांगितलंय."